चित्रांनाही एक तालीम हवी

डिसेंबरातली दुपार होती, बुधवार. कोल्हापुरातल्या एका हॉलमध्ये चित्रप्रदर्शन लागलं होतं म्हणून कॉलेज सुटल्यावर गेलो. आत मी, चित्रकार आणि त्यांना सोबत म्हणून बसलेला त्यांचा भाचा, एवढेच. भिंतींवर जलरंगातली चाळीसेक चित्रं. पंचगंगेचा घाट, पन्हाळ्याच्या उतरणीवरून सरकणारा पाऊस, गुऱ्हाळाच्या चुलवाणातून निघालेला धूर, माळावर एकटं उभं राहिलेलं बाभळीचं झाड. धुराचं चित्र असं होतं की त्याच्यासमोर उभं राहिल्यावर काकवीचा वास यावा. मी बराच वेळ तिथेच थांबलो. निघताना टेबलावरची अभिप्रायाची वही चाळली. उद्घाटनाच्या दिवशीची सात पानं गच्च भरलेली, त्यानंतर रोजच्या चार-पाच ओळी. त्यातल्याही बऱ्याच सह्या ओळखीच्या.

बाहेर आलो तर पायरीवर माझ्याच कॉलेजची दोन मुलं उभी होती. दोघंही भुदरगडकडची, इथे कॉट बेसिसवर राहणारी. आत काय आहे म्हणून त्यांनी विचारलं. प्रदर्शन आहे, जा की आत, असं मी म्हणालो. त्यावर एकजण अगदी सरळपणे म्हणाला, "आम्हाला कुठं बोलावलंय, सर?"

हे उत्तर अजून डोक्यातून जात नाही. मी वाणिज्य शाखेत हिशेब शिकवतो, चित्रकलेशी माझा संबंध बघणाऱ्याचा. पण या गावात मी विद्यार्थी म्हणून आलो, इथेच नोकरीला लागलो, आणि "आजच्या पोरांना कलेची आवड नाही" हे वाक्य इतक्या भाषणांतून ऐकलं आहे की ते खोटं आहे हे कुणीतरी मांडायला हवं. त्या मुलाच्या उत्तरात आवडीचा प्रश्नच नव्हता. त्याच्या गावात बोलावणं नसताना दुसऱ्याच्या कार्याला जात नाहीत. हा शहाणपणा त्याला घरून मिळाला आहे, आणि प्रदर्शन हे कुणाचं तरी घरचं कार्य आहे हे त्याने बाहेरूनच अचूक ओळखलं होतं.

आपली प्रदर्शनं तशी असतातच. आधी पत्रिका छापायची, त्यावर प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, "आपण सहकुटुंब यावे ही विनंती". मग फीत कापायची, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मनोगत, आभार, अल्पोपहार. सगळा थाट वास्तुशांतीचा किंवा बारशाचा. पाहुणे येतात, कौतुक करतात, दिवा विझायच्या आत घरी जातात, आणि उरलेले पाच दिवस चित्रकार खुर्चीवर बसून दरवाज्याकडे बघत असतो. खर्चही कार्यासारखाच त्याच्या एकट्याच्या खिशातून: हॉलचं भाडं, फ्रेमिंग, टेम्पो, पत्रिका, फ्लेक्स, चहा. चित्र विकलं गेलं तर निभावलं, नाहीतर पुढची दोन वर्षं प्रदर्शनाचं नाव काढायचं नाही.

चित्रप्रदर्शन हे चित्रकाराच्या घरचं कार्य राहिलं आहे तोवर ते ओस पडणारच, असं माझं म्हणणं आहे. ते कुणीतरी आपलं म्हणून उचललं पाहिजे. आणि कोल्हापूरसारख्या विद्यार्थ्यांच्या गावात ते उचलण्याची पहिली जबाबदारी कॉलेजांची आहे.

उचलणं म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला समजावून सांगायची गरज नाही. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर जाऊन बघा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी, बालगोपाल ही संघांची नावं आहेत, पण त्याआधी ती तालमींची, तरुण मंडळांची, पेठांची नावं आहेत. संघ जिंको की हरो, माणसं तिकीट काढून भर उन्हात बसतात, कारण मैदानात उतरलेला पोरगा त्यांच्या गल्लीतला असतो. बूट घ्यायला त्याला गल्लीने मदत केलेली असते. त्याच्या गुडघ्याची मलमपट्टी तालमीतच झालेली असते. बघणाऱ्यांतल्या अर्ध्याजणांना ऑफसाइडचा नियम नीट सांगता येणार नाही, तरी कुणी त्यांना "फुटबॉलची जाण नाही" म्हणून बाहेर ठेवत नाही. जाण बघता बघता येते. चित्रांच्या बाबतीत मात्र आपण आधी जाण मागतो आणि मग दार उघडतो.

चित्रकाराच्या पाठीशी अशी तालीम नाही. कधीकाळी होती, असं या गावाचा इतिहास सांगतो.

शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्तीचं मैदान बांधलं, ते १९१२ साली तयार झालं. त्याच्या शेजारी, भिंतीला भिंत लावून, १९१५ साली पॅलेस थिएटर उभं राहिलं, जे पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झालं. कुस्तीचा आखाडा आणि नाटकाचा रंगमंच एकमेकांना टेकून. मला ही मांडणी फार मोठ्या विचाराची वाटते. कुस्तीला आलेला माणूस आणि नाटकाला आलेला माणूस वेगळा असतो हे त्या राजाने मान्यच केलं नाही. त्याच काळात आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मेस्त्री घराण्यातले दोघं नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते. कुठल्याही कलाशाळेत न शिकलेले बाबूराव पुढे स्वतः कॅमेरा बनवतात, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढतात, सिनेमांची भित्तिपत्रकं रंगवतात आणि पुतळे घडवतात. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या कोल्हापुरात उत्तम चित्रकला बघायला कुठल्याही वेगळ्या हॉलमध्ये जावं लागत नव्हतं. ती नाटकाच्या पडद्यावर होती, थिएटरच्या बाहेरच्या भिंतीवर होती, चौकात होती. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीही ती बघितली.

आजही अशी एक गोष्ट शिल्लक आहे. कावळा नाक्यावर ताराराणींचा पुतळा आहे, रवींद्र मेस्त्री यांनी केलेला. मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा, त्यावर तलवार घेतलेली राणी, आणि सगळा तोल त्या दोन पायांवर आणि शेपटीवर. हातकणंगले, पेठवडगावकडून एस.टी.ने येणारी मुलं रोज त्याच्याजवळून जातात. माझ्या वर्गात एकदा विचारलं होतं, तो घोडा पडत का नाही? पंचवीस-तीस हात वर झाले. कुणी वजनाचं सांगितलं, कुणी शेपटीचं, एका मुलीने तर फळ्यावर येऊन रेघ काढून दाखवली. हे हिशेबाच्या तासाला घडलं. शिल्पकलेवर बोलतोय हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मीही ते सांगून त्यांची जीभ अडखळवली नाही.

कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. १९०१ पासून महाराजांनी इथे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी करायला सुरुवात केली. शिक्षण तर त्याआधीपासून होतं, राजाराम कॉलेज १८८०चं. पण खेड्यातल्या मुलाला राहायला जागा नव्हती, म्हणून ते कॉलेज त्याच्यासाठी असून नसल्यासारखं होतं. शाहू महाराजांनी मुलाला आळशी ठरवलं नाही. अडचण कुठे आहे ते पाहिलं आणि तिथे छप्पर घातलं. आज दसरा चौकात उभं राहिलं की जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, सगळी आसपास दिसतात. आणि त्याच चौकात शाहू स्मारक भवन आहे, ज्यात कलादालन आहे. बोर्डिंगमधलं पोरगं आणि चित्र यांच्यात एका रस्त्याचं अंतर. तो रस्ता तीन वर्षं ओलांडला जात नाही. मी स्वतः विद्यार्थी असताना ओलांडला नव्हता. मला वाटायचं, तिथे साहेब लोक जातात.

१९६२ साली शिवाजी विद्यापीठ झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतली मुलं इथे येतात. इंजिनीअरिंग, फार्मसी, कॉमर्स, शेतकी, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका, सगळं मिळून शहराची निम्मी वर्दळ त्यांच्यामुळे आहे. मेस, झेरॉक्स, वडापाव, भाड्याच्या खोल्या यांचं अर्थकारण त्यांच्यावर चालतं. शहर त्यांच्याकडून पैसे घेतं, पण शहराकडे दाखवण्यासारखं जे आहे ते त्यांना दाखवत नाही. आबालाल रहमान जे.जे.मध्ये शिकून परत इथे आले, कोटीतीर्थाच्या काठी राहिले, रंकाळा आणि पंचगंगा पुन्हा पुन्हा रंगवत १९३१ साली इथेच गेले. त्यांची मूळ चित्रं टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहेत. त्याच इमारतीत ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती आहे, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या नदीकाठचा व्यापार समुद्रापार पोचला होता याचा हातात धरण्याएवढा पुरावा. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांनी आपला बंगला आणि आपली चित्रं समाजाला देऊन टाकली आहेत. पावडर शेडिंगची ती चित्रं जवळून बघितली की हाताची बोटं कशी फिरली असतील याचा अंदाज येतो. यातलं काहीही बघायला फार पैसे लागत नाहीत. फक्त ही ठिकाणं कचेरीच्या वेळेत उघडी असतात. नेमक्या त्याच वेळेत मुलं तासाला बसलेली असतात, आणि संध्याकाळी मुलं मोकळी होतात तेव्हा कुलूप लागतं.

वेळेची ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. विद्यार्थ्याचा दिवस संध्याकाळी सहाला सुरू होतो. मेसमध्ये जेवण आठ-साडेआठला. सहा ते आठ या वेळात तो रंकाळ्यावर असतो, नाहीतर चहाच्या गाड्यावर. प्रदर्शन रात्री नऊपर्यंत उघडं ठेवलं तर तो येईल की नाही हे नंतर बोलू. आज तो येऊच शकत नाही, आणि तरी आपण त्याला नावं ठेवतो.

दुसरा मुद्दा कॉलेजांच्या दारांचा. प्रत्येक कॉलेजात एक सभागृह असतं, वर्षातून पंचवीस-तीस दिवस वापरलं जाणारं. लांबच लांब व्हरांडे असतात, ज्यांच्या भिंतींवर संस्थापकांचे फोटो आणि विटलेले सूचनाफलक. हे सगळं सार्वजनिक पैशावर, लोकांच्या देणग्यांवर उभं राहिलं आहे. पण गेटवर वॉचमन ओळखपत्र विचारतो, आणि कॉलेजला लागून घर असलेल्या माणसाने आतून ते कधी पाहिलेलं नसतं. सुरक्षेची गरज मला समजते. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक जिना, एक व्हरांडा उघडा ठेवल्याने ती धोक्यात येईल हे मात्र पटत नाही.

याचा दाखला शोधायला लांब जावं लागत नाही. सयाजीरावांच्या बडोद्यात, जिथे मराठी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत, तिथल्या विद्यापीठात १९५०च्या सुमारास ललित कला विद्याशाखा सुरू झाली. चित्रकला विभाग उभा करणारे ना. श्री. बेंद्रे आपलेच. तिथे परीक्षेसाठी केलेली मुलांची कामं वार्षिक मांडणीत लोकांसाठी खुली होतात. शिवाय फाइन आर्ट्स फेअर नावाची जत्रा भरत आली आहे. शिक्षक आणि विद्यार्थी मिळून खेळणी, मुखवटे, कागदी वस्तू बनवतात आणि गाव ती विकत घ्यायला येतं. नावाजलेले कलावंत तिथे मुलांसोबत बसून लाकडी खेळणी रंगवत. "इथे येताना चित्रकला समजली पाहिजे" अशी अट जत्रेला नसते. पोरांना घेऊन आलेली आई खेळणं घेते, आणि पुढच्या वर्षी आणखी एक दालन आत जाते.

त्याच बडोद्यात २००७ साली वार्षिक मांडणीतल्या एका विद्यार्थ्याच्या कामावरून मोठा वाद झाला, अटक झाली, हे मला माहीत आहे. आपल्याकडच्या प्राचार्यांच्या मनात हीच भीती असते: कुणीतरी काहीतरी काढणार, कुणाला तरी लागणार, आणि मोर्चा आपल्या केबिनवर येणार. या भीतीला मी हसणार नाही. पण माझा अनुभव असा की भांडण अनोळखीपणातून पेटतं. जे गाव वर्षभर कॉलेजच्या भिंतीवर मुलांची चित्रं बघत आलं आहे, त्या गावात एखाद्या चित्राबद्दल कुणी रागावून आलं तर त्याच्याशी बोलायला मधे दहा ओळखीची माणसं उभी असतील. बंद दाराआड वाढलेल्या कामाला असं कुणी नसतं.

आता विद्यार्थ्यांना यात कसं आणायचं. इथे एक धोका दिसतो. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात सहअभ्यासक्रमाला श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, आहेत, त्यात सांस्कृतिक उपक्रम आणि दृश्यकला यांचाही समावेश आहे. हे ऐकून लगेच कुणीतरी सुचवेल की प्रदर्शन पाहणं सक्तीचं करा, वहीत सही घ्या, फोटो अपलोड करा. कृपा करून असं करू नका. दोनशे मुलं रांगेने येतील, दारात सेल्फी काढतील, सही करतील आणि चित्राकडे पाठ करून निघून जातील. त्यानंतर आयुष्यभर प्रदर्शन म्हटलं की त्यांना हजेरी आठवेल.

श्रेयांक द्यायचेच असतील तर प्रदर्शन भरवण्याचे द्या. आमच्या मुलांना हे काम शिकवावं लागत नाही. माझ्या वर्गातला, ताळेबंदात हमखास चुकणारा मुलगा त्याच्या मंडळाचा खजिनदार आहे. वर्गणीच्या पावत्या, मांडववाल्याची उचल, वीजजोडणीचा अर्ज, पोलिस परवाना, देखाव्यासमोरची रांग, रात्रीचा जागता पहारा, हे सगळं एकोणीस-वीस वर्षांची पोरं दरवर्षी अकरा दिवस चोख करतात. लाखोंचे देखावे उघड्या रस्त्यावर असतात आणि त्यांच्यासमोर ती मुलं सतरंजीवर झोपतात. मग "चित्रं कॉलेजात लावली तर खराब होतील, चोरीला जातील" या हरकतीला काय अर्थ उरतो? ज्याच्या अंगावर जबाबदारी आहे तो राखतो. चित्र टांगणं, उजेड कुठून पडतो ते बघणं, चित्रकाराला टेम्पोतून उतरवून घेणं, येणाऱ्याला दोन वाक्यं सांगणं, खर्चाचा हिशेब लावणं, यात कॉमर्सच्या मुलालाही काम आहे आणि इलेक्ट्रिकलच्याही. ज्याने चित्राला खिळा ठोकला तो ते चित्र बघितल्याशिवाय राहत नाही. आणि तो आपल्या खोलीवरच्या चौघांना ओढून आणतो, "चला की, आमचं प्रदर्शन लागलंय" म्हणून. "आमचं" हा शब्द पत्रिकेने येत नाही.

आमच्या कॉलेजात गेल्या वर्षी थोडं करून बघितलं. विद्यापीठाचा युवा महोत्सव होतो, त्यात लोकनृत्य, एकांकिका, मूकनाट्य यांना टाळ्या मिळतात, सगळ्यांचं लक्ष तिकडे. स्थळचित्र, चिकटकला, मातीकाम, व्यंगचित्र या स्पर्धा मात्र कुठल्यातरी वर्गात शांतपणे पार पडतात. मुलं तयारीसाठी महिनाभर कागद रंगवतात. निकाल लागतो, प्रमाणपत्र मिळतं, आणि कागद सांस्कृतिक विभागाच्या लोखंडी कपाटात जातात. त्या कपाटातून आम्ही अकरा चित्रं काढली आणि जिन्यात लावली. हॉल मुद्दाम टाळला. जिना सगळ्यांनाच चढावा लागतो.

प्रत्येक चित्राखाली मुलांनी स्वतःच्या अक्षरात तीन ओळी लिहायच्या ठरवल्या: कुठं काढलं, किती वेळ लागला, काय जमलं नाही. पहिल्या दोन ओळी लोक पटकन वाचून जात. तिसऱ्या ओळीपाशी थांबत. "पाण्यातली सावली तीनदा पुसली, तरी खोटी वाटते", "म्हशीचे मागचे पाय येत नाहीत म्हणून गवत वाढवलं". गवत वाढवलेल्या चित्रासमोर तर रोज घोळका. एकजण म्हणाला, "भावा, पाय काढ की, गवतात काय लपवतोस!" आणि चित्र काढणारा मुलगा त्याला म्हशीच्या खुराचा प्रश्न काय आहे ते समजावून सांगत बसला. कोणत्याही रसग्रहण वर्गात इतकं नीट बोलणं मी ऐकलेलं नाही.

एका चित्रात आठवडी बाजार होता, मधोमध पिंपळाचा पार. आमचे शिपाईमामा रोज त्या पायरीवर दोन मिनिटं उभे राहायचे. चौथ्या दिवशी म्हणाले, "सर, ह्यो पार आता न्हाई. रस्ता रुंद केला तवा पाडला." चित्र काढणारी मुलगी त्याच गावची, पण तिने पार कधी पाहिला नव्हता. आजीने सांगितलेला तिने काढला होता. मामांनी तिला सांगितलं की पाराला पायऱ्या पूर्वेकडून होत्या, तू पश्चिमेकडून काढल्यास. तिने चित्र उतरवून घेतलं आणि पायऱ्या बदलून आणल्या. बदललेलं चित्र आधीच्याहून चांगलं झालं की नाही याबद्दल आमच्यात मतभेद आहेत. मला आधीचं जास्त आवडलं होतं, रंग ताजे होते.

हे सगळं ऐकून माझे एक चित्रकार स्नेही म्हणाले की चित्राला शांतता लागते, जिन्यातल्या गोंगाटात चित्र मरतं. त्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. गुऱ्हाळाच्या धुराचं ते चित्र मी जिन्यात बघितलं असतं तर काकवीचा वास आला नसता. मोठ्या कामाला मोकळी भिंत, नीट उजेड आणि बसायला बाक हवाच. पण शांततेत उभं राहणं ही सवय आहे, आणि ती जिन्यातल्या गोंगाटातूनच लागते. देवल क्लब १८८३चा. तिथल्या मैफिलीत मुलं आईबापांच्या मांडीवर झोपी जात, उठत, पुन्हा झोपत, आणि पुढे त्यांतलेच श्रोते झाले. कुणी एकदम विसाव्या वर्षी ख्याल ऐकायला बसलेलं नाही.

त्यांचा दुसरा प्रश्न जास्त कठीण होता: विद्यार्थी बघतील, पण विकत कोण घेणार? चित्रकाराचं घर कसं चालणार? याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढंच सांगतो की निमंत्रितांनी भरलेल्या हॉलमध्येही फारशी विक्री होत नाही, हे तेच मला सांगतात. कॉलेजने प्रदर्शन आपलं मानलं तर भाडं, वाहतूक, छपाई यांचा भार तरी चित्रकाराच्या अंगावरून उतरेल. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या ध्वनियंत्रणेवर आणि फुलांच्या कमानीवर आपण एका रात्रीत जे खर्च करतो, त्याचा काही भाग राखून दरवर्षी दोन चित्रं रीतसर किमतीला विकत घेतली, तर दहा वर्षांत त्या कॉलेजपाशी वीस चित्रांचा संग्रह होईल. आज भेटवस्तू म्हणून आपण पाहुण्यांना काचेची सन्मानचिन्हं देतो. त्याऐवजी विद्यार्थ्याने काढलेलं रेखाचित्र चौकटीत घालून द्या, आणि त्या विद्यार्थ्याला पैसे द्या.

महापालिकेकडूनही अपेक्षा आहे, पण ती मी थोडक्यात मांडतो. कोल्हापूरच्या चित्रकारांचं कायमचं, संध्याकाळी उघडं असणारं दालन या शहरात असायला हवं, जिथे आबालाल, बाबूराव, दत्तोबा दळवी यांच्यापासून आजपर्यंतची वाट एका फेरीत दिसेल. कलानिकेतन, दळवीज यांसारख्या संस्थांतून इतकी वर्षं चित्रकार घडतात, त्यांना आपल्या गावात कायमची भिंत नाही. साताऱ्याजवळच्या औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधलं. राजा रविवर्मा तिथे आहेत, हेन्री मूर यांचं दगडातलं शिल्प आहे. देवीच्या वाटेवर, एका खेड्यात. दर्शनाला निघालेली शेतकरी बाई जाता-येता डोकावते. संस्थान अगदी लहान होतं, तरी त्याला ते सुचलं.

शहराला आस्था नाही असं मी म्हणू शकत नाही. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. त्या रात्री रस्त्यावर उभी राहिलेली माणसं मला आठवतात. त्यांत नट होते, तंत्रज्ञ होते, आणि नाटकाशी काही देणंघेणं नसलेली, खाऊगल्लीतून धावत आलेली माणसंही होती. डोळे सगळ्यांचेच भरले होते. ती इमारत आपली आहे हे कुणाला पत्रिकेने कळवावं लागलं नव्हतं. लहानपणी शाळेचं संमेलन, कुणाची बक्षिसं, कुणाची पहिली एकांकिका, असं प्रत्येकाचं काहीतरी तिथे घडलेलं होतं. चित्रांच्या बाबतीत आपल्याला एवढंच घडवायचं आहे, की प्रत्येकाचं काहीतरी तिथे असावं. खिळा ठोकलेला असावा, एक ओळ लिहिलेली असावी, पायऱ्या कोणत्या बाजूला होत्या ते सांगितलेलं असावं.

यंदाही युवा महोत्सव होईल. तीन जिल्ह्यांतली मुलं अडीच तासांत एक स्थळचित्र पूर्ण करतील, निकाल लागेल, बसमध्ये बसून आपापल्या गावी जातील. ते कागद कपाटात जाण्याआधी जिल्ह्याजिल्ह्यात पंधरा दिवस लावावेत, अशी विद्यापीठाला माझी विनंती आहे. जिथे मूळ चित्र लावणं जोखमीचं, उदाहरणार्थ मध्यवर्ती बसस्थानकावर, तिथे मोठ्या आकारातल्या छापील प्रती चालतील. खाली मुलाचं नाव, गावाचं नाव आणि त्या तीन ओळी. गाडीची वाट बघणाऱ्या माणसाकडे वेळ असतो, आणि आपल्या तालुक्याचं नाव दिसलं की तो जवळ जातोच.

आमच्याकडे या कामाला सहा जण तयार आहेत. पायरीवर भेटलेल्या त्या दोघांपैकी एकजण त्यात आहे. हातोडी त्याने त्याच्या मंडळाची आणली आहे. जिना आता पुरत नाही, म्हणून समोरच्या बोर्डिंगच्या मेसची लांब भिंत मागितली आहे. मेस चालवणाऱ्या मावशींनी एकच अट घातली: चित्रं उंचावर लावा, फोडणीचा धूर बसेल. आणि मग विचारलं, त्यात भाकरी थापणाऱ्या बाईचं एखादं आहे का?